गंधकाची गाठ : न्यू अल्मादेनच्या पारदखाणीची ओळख

२०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात भरले. अमेरिका-कॅनडात पांगलेली मराठी माणसे हजारोंनी एकत्र आली. नाटके झाली, गाणी झाली, पंगती उठल्या. अधिवेशनाच्या जागेपासून जवळच ग्वादालुपे नावाची एक लहान नदी वाहते. ती पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळते. शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर जो डोंगर आहे त्याचे ओढे या नदीला येतात, आणि त्या डोंगरात न्यू अल्मादेन ही पाऱ्याची खाण होती. उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही खाणीने एवढा पारा दिलेला नाही. १९७० च्या दशकात काम कायमचे थांबले. आता तिथे चार हजारांहून अधिक एकरांचे सार्वजनिक उद्यान आहे. सुट्टीच्या दिवशी त्या खोऱ्यातली मराठी कुटुंबे डबे घेऊन तिथल्या पायवाटा चढतात. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतली मुले-सुना त्यांत असतात.

हे पुस्तक त्या खाणीविषयी आहे. ते नीरेकाठच्या शिरवळमध्ये बसून का लिहावे, हा प्रश्न वाचक विचारणारच. भारतात पाऱ्याची चालू खाण नाही. आपण वापरतो तो सगळा पारा बाहेरून येतो. महाराष्ट्रात तर पाऱ्याच्या खनिजाचा काढण्याजोगा साठाच नाही. तरीही पारा आपल्याला परका नाही. वैद्याच्या खलात तो होता, पोथ्यांच्या तांबड्या रेघांत हिंगूळ होऊन होता, मुलामा देणाऱ्याच्या दुकानात होता, ताप मोजायच्या काचेच्या नळीत तर परवापरवापर्यंत घरोघर होता. जी वस्तू आपण इतकी वापरली ती कुठून निघाली, कोणी काढली, आणि काढल्यावर त्या जागेचे काय झाले, हे मराठीत सलग कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हा प्रपंच.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे. निसर्गात पारा बहुधा गंधकाशी गाठ बांधून राहतो. त्या लाल दगडाला आपण हिंगूळ म्हणतो. ही गाठ बसायला विशिष्ट खडक, विशिष्ट भेगा आणि भूगर्भातले गरम पाणी लागते, आणि वेळ तर अमाप लागतो. माणूस भट्टी पेटवतो आणि काही तासांत गाठ सोडवतो. सुटलेला पारा वाफ होऊन, पाण्यात मिसळून, गाळात दडून, माशांत शिरून फिरत राहतो. खाणीची मालकी, तिथले मजूर, तिने मिळवलेला पैसा, तिने दिलेले आजार आणि आज त्या नदीवर होणारा खर्च या सगळ्यांचे मूळ या एका रासायनिक गोष्टीत आहे. म्हणून भूशास्त्राचे प्रकरण पुस्तकात आधी आणि माणसांचे नंतर ठेवले आहे.

आपल्या दगडापासून सुरुवात करणे बरे. शिरवळच्या चहूकडे दिसणारे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक पसरलेले थर. विहीर खणणाऱ्याला ते पुस्तकाशिवाय ठाऊक असतात: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, आणि मध्येच एखादा तांबडा पट्टा. भूशास्त्रज्ञ दख्खनच्या या थरांचे गट पाडतात, आणि त्यांतला सर्वांत वरचा गट आपल्या शेजारच्या वाईच्या नावाने जगभर ओळखला जातो. वाई उपगट म्हटले की अमेरिकेतल्या किंवा फ्रान्समधल्या संशोधकालाही महाबळेश्वर-पोलादपूर-आंबेनळीकडचे कडे डोळ्यांपुढे येतात. हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमाराचे. थरांचे वय ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांनी लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या त्या तांबड्या मातीतून झिरकॉनचे बारीक कण वेचले आहेत.

पारा इथे कथेत येतो. ज्वालामुखीच्या वायूंबरोबर पाराही वर जातो. तो वातावरणात महिनोन् महिने राहू शकतो, जगभर पसरतो आणि शेवटी पावसाबरोबर उतरून समुद्राच्या गाळात बसतो. फ्रान्समधले बिदार, ट्युनिशियातले एल्लेस, आपल्याकडे मेघालय, अशा दूरदूरच्या ठिकाणी त्या काळच्या समुद्री गाळात पाऱ्याचे प्रमाण वाढलेले सापडले आहे. त्याचे मूळ अनेक संशोधक दख्खनच्या उद्रेकांत शोधतात. म्हणजे ज्या दगडावर शिरवळ वसले आहे तो तयार होत असतानाच पारा हवेत गेला, आणि त्याची खूण हजारो किलोमीटर दूरच्या गाळात उमटली. इथे मागे राहिला नाही.

का राहिला नाही, याचे उत्तर या थरांच्या स्वभावात आहे. दख्खनचा लाव्हा पातळ होता. तो उघड्यावर आडवा पसरला, त्यातले वायू निघून गेले आणि तो थिजला. पुढे पोकळ्यांत पाणी झिरपले. त्यातून गारगोट्या, कॅल्साइट आणि झिओलाइटचे पांढरे-हिरवे स्फटिक वाढले. पुणे-साताऱ्याकडच्या दगडखाणींतून निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण पाऱ्याला धरून ठेवणारी व्यवस्था इथे नव्हती. त्यामुळे आपल्या डोंगरांत माणसाने खणले ते धातूसाठी नव्हे. शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी विहार खोदले, ते राहण्यासाठी आणि ध्यानासाठी. गावातल्या सुभानमंगळ किल्ल्यासाठी शिवकाळाच्या आरंभी लढाई झाली, ती वाटेवरच्या आणि नदीकाठच्या ठाण्यासाठी. खाली खजिना असल्यामुळे इथे कोणी चालून आले नाही. पाण्यासाठी, वाटेसाठी, वसुलीसाठी आले.

न्यू अल्मादेनचा डोंगर याच्या उलट. तिथला खडक कोणीतरी चुरगळून टाकल्यासारखा आहे. पॅसिफिकचा तळ कोट्यवधी वर्षे अमेरिका खंडाच्या कडेखाली सरकत होता. त्या तळावरचा गाळ, चर्ट, समुद्रात थिजलेला बेसाल्ट असे सगळे खरवडले गेले, दाबले गेले, एकमेकांत मिसळले. या मिश्रणाला फ्रान्सिस्कन खडकसमूह म्हणतात. त्यात जागोजागी सर्पेंटाइनचे पट्टे घुसलेले आहेत: हिरवट, तुळतुळीत, हाताला साबणासारखा लागणारा खडक. नंतर भूपट्टांची हालचाल बदलली, सॅन अँड्रियास हा प्रस्तरभंग तयार झाला, खालची उष्णता वर आली आणि कर्बवायू मिसळलेले गरम पाणी भेगांतून चढू लागले. त्या पाण्याने सर्पेंटाइनच्या कडा बदलून टाकल्या. मऊ खडकाच्या जागी सिलिका-कार्बोनेटचा टणक आणि ठिसूळ खडक झाला. ठिसूळ म्हणून तो तडकला, टणक म्हणून तडा उघडा राहिला. त्याच्या वर चिकणमातीसारखा चेंगरलेला एक थर होता. खाणकामगार त्याला स्पॅनिशमध्ये ‘आल्ता’ म्हणत. गरम द्रव वर निसटू न देणारे ते झाकण होते. त्या झाकणाखाली, तड्यांच्या आधाराने, पारा आणि गंधक एकत्र आले आणि हिंगूळ साचला.

अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या एडगर बेली आणि डोनाल्ड एव्हरहार्ट यांनी या खाणीचे सविस्तर सर्वेक्षण करून १९६४ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भूशास्त्राच्या प्रकरणाचा पाया तोच आहे. त्या वर्णनातली एक गोष्ट खाणीचा इतिहास समजायला फार उपयोगी पडते. समृद्ध खनिज सर्पेंटाइनच्या कडांना आणि वरच्या भागात होते. खाली जावे तसे ते विरळ होत गेले. खाणमालकांना हे पटायला काही दशके लागली. आणखी खोल गेल्यावर पुन्हा मोठा साठा लागेल या आशेवर त्यांनी समुद्रसपाटीच्याही खाली जाईपर्यंत खणले. तेवढी खोली गाठण्यात पैसा गेला, पंप गेले, माणसांचे श्रम गेले. हाती लागले ते पहिल्यापेक्षा कमीच.

या डोंगराचा लाल दगड ओहलोनी लोकांना युरोपीय येण्याआधीपासून माहीत होता. ते तो अंगाला लावायच्या रंगासाठी खणत, आणि लांबलांबच्या जमाती तो मिळवायला येत. १८२४ मध्ये आंतोनियो सुन्योल आणि लुईस चाबोया यांनी त्यातून चांदी निघते का ते पाहिले. निघाली नाही. १८४५ च्या नोव्हेंबरात आंद्रेस कास्तियेरो नावाचा मेक्सिकन घोडदळाचा कप्तान सांता क्लारा मिशनमध्ये आला. मेक्सिको शहरातल्या खाणविद्यालयात तो शिकलेला होता. त्याने दगडाची पूड पेटत्या निखाऱ्यांवर टाकली आणि वर पेला उपडा धरला. पेल्याच्या आतल्या बाजूला चांदीसारखे थेंब जमले.

आपल्याकडच्या रसशाळेत काम केलेल्या वैद्याला हे वर्णन वाचून नवल वाटणार नाही. हिंगुळातून पारा काढायला डमरूयंत्र असते: दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा मातीच्या कापडाने बंद करून, खालून आच आणि वरच्या मडक्यावर ओले फडके. पारा वर चढतो, थंड तळाला लागतो आणि थेंब होऊन चिकटतो. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चया’सारख्या ग्रंथांत अशा यंत्रांची वर्णने आहेत. न्यू अल्मादेनच्या भट्ट्या कितीही मोठ्या झाल्या तरी तत्त्व हेच राहिले. हिंगूळ तापवायचा, हवेतला प्राणवायू गंधकाला घेऊन जातो, मोकळा झालेला पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळून वाफ होतो, आणि ती वाफ विटांच्या थंड खोल्यांतून फिरवायची. १८७० च्या दशकात इथे जी हुट्नर-स्कॉट भट्टी बसवली गेली तिच्यामुळे बारीक चुऱ्यातूनही सतत पारा काढता येऊ लागला. आपल्या वैद्यांनी एक गोष्ट मात्र उलट दिशेनेही केली होती. सुटा पारा त्यांनी गंधकाबरोबर घोटून काळी कज्जली केली, आणि ती तापवून लाल रससिंदूर केला. म्हणजे सुटलेली गाठ पुन्हा बांधली. खलात दोन-चार तोळे पारा असतो तेव्हा ते जमते. नदीच्या गाळात टनांनी पसरलेल्या पाऱ्याला तो उपाय लागू होत नाही.

एवढा पारा हवा कोणाला होता? याचे उत्तर सोन्या-चांदीत आहे, आणि ते विटा-खानापूर-आटपाडीच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. तिथल्या गलाई व्यावसायिकांनी भारतभरच्या सराफ बाजारांत दुकाने थाटली. मिसळलेल्या धातूतून शुद्ध सोने-चांदी वेगळे काढणे ही त्यांची पिढीजात विद्या. त्यांचे मुख्य काम आम्लाचे. पण कुटलेल्या दगडातून किंवा वाळूतून सोने-चांदीचे कण वेचायचे असतील तर पारा लागतो. पारा त्या कणांना गिळतो. मग गोळा तापवला की पारा उडून जातो आणि धातू राहतो. मेक्सिकोतल्या पाचूकाला बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात चांदीच्या खनिजासाठी ही रीत मोठ्या प्रमाणावर बसवली. तेव्हापासून स्पेनमधले अल्मादेन, पेरूतले वानकावेलिका आणि आजच्या स्लोव्हेनियातले इद्रिया या तीन पारदखाणी जगाच्या चांदीच्या किल्ल्या झाल्या. त्या चांदीचा मोठा वाटा युरोपातून आणि मनिलातून आशियात आला. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी नाणी वितळवून मोगल रुपये पाडले जात. सतराव्या शतकात दख्खनच्या बाजारात खुळखुळणाऱ्या रुपयातल्या चांदीमागे बहुधा कुठल्या तरी पारदखाणीतला मजूर उभा होता.

कॅलिफोर्नियात १८४८ च्या जानेवारीत सोने सापडले तेव्हा न्यू अल्मादेनचे काम नुकतेच मार्गी लागले होते. मेक्सिकोतल्या तेपिकची बॅरन, फोर्ब्ज ही ब्रिटिश पेढी कास्तियेरोच्या हक्कावर खाण चालवत होती. तोवर जगाचा पारा मुख्यतः स्पेनच्या अल्मादेनमधून येई आणि त्याच्या विक्रीवर रॉथ्सचाइल्ड घराण्याची पकड होती. आता सोन्याच्या शेजारीच पारा मिळाला. पुढे नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीनेही तो मागितला. सुरुवातीच्या वर्षांत खनिजात तीस टक्क्यांहून अधिक पारा निघे, म्हणजे दगडाचा तिसरा हिस्सा धातू. शतकाच्या शेवटी हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेले. पारा लोखंडी बाटल्यांत भरत. एका बाटलीत ३४ किलोहून थोडा जास्त. १८६५ या एका वर्षात ४७ हजारांहून अधिक बाटल्या भरल्या. खाणीच्या साऱ्या आयुष्यातल्या बाटल्या मोजल्या तर दहा लाखांच्या वर जातात. तीस हजार टनांहून अधिक गाठी सुटल्या असा त्याचा अर्थ.

मालकीचे प्रकरण आपल्या वाचकाला फार ओळखीचे वाटेल. १८४८ मध्ये मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला. त्याच वर्षी साताऱ्यात छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, आणि त्यानंतर सातारचे राज्य खालसा झाले. दोन्हीकडे नव्या सत्तेने जुन्या सनदा तपासायला घेतल्या. कॅलिफोर्नियात १८५१ चा जमीन कायदा आला, मुंबई इलाख्यात १८५२ चा इनाम कमिशनचा कायदा आला. साताऱ्या-पुण्याकडच्या इनामदारांनी पेट्यांतले कागद काढले, तसे कास्तियेरोच्या हक्कदारांनीही काढले. मेक्सिकन अधिकाऱ्याने दिलेला खाणीचा हक्क नियमाप्रमाणे पुरा झाला होता का, कागद खरे की मागाहून केलेले, खाण नेमकी कोणत्या जहागिरीच्या हद्दीत, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. १८५८ ते १८६१ या काळात कोर्टाच्या मनाईहुकमाने खाण बंद होती. १८६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कास्तियेरोचा दावा फेटाळला.

पुढचा अंक नाट्यमय आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना अध्यक्ष लिंकन यांनी खाण ताब्यात घेण्याच्या हुकमावर सही केली. सरकारी माणसे घोडदळ घेऊन गेली, तेव्हा खाणीतले लोक शस्त्रे घेऊन वाट अडवून उभे होते. सरकार एक खाण घेऊ शकते तर सरकारी जमिनीवरच्या सगळ्याच खाणी घेऊ शकते, या धास्तीने पश्चिमेकडचे खाणवाले खवळले. कॅलिफोर्निया युद्धात उत्तरेच्या बाजूने राहील की नाही अशी चिंता वॉशिंग्टनला वाटू लागली. लिंकन यांनी माघार घेतली. याच वेळी त्यांचा सरसेनापती होता हेन्री हॅलेक, आणि तो १८५० च्या दशकात या खाणीचा मुख्य कारभारी होता! अखेर तडजोडीने खाण क्विकसिल्व्हर मायनिंग कंपनी या अमेरिकी कंपनीकडे गेली. राज्य बदलले की जमिनीखालच्या वस्तूचा धनी कोण, हा प्रश्न एका देशापुरता नाही, हे या प्रकरणातून उमगते. आणि आणखी एक: या सगळ्या कागदपत्रांत ओहलोनींचे नाव हक्कदार म्हणून कुठेच नव्हते.

कंपनीच्या काळात डोंगरावर दोन वस्त्या होत्या. एकीत मेक्सिकन आणि इतर स्पॅनिश बोलणारे मजूर, दुसरीत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले खाणकामगार. पायथ्याला, भट्ट्यांजवळ, अधिकाऱ्यांची आणि कारागिरांची घरे. सुरुवातीच्या काळात खनिज वर आणणारे मजूर ‘तानातेरो’ म्हटले जात. कातड्याची पिशवी पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, आणि खाचा पाडलेल्या ओंडक्यांच्या शिडीवरून चढण. एका खेपेला सुमारे २०० पौंडांचे ओझे. डोंगर चढताना कपाळावर पट्टा घेण्याची रीत पाहिलेल्या माणसाला मानेवर काय येते ते सांगावे लागत नाही. भट्टीवरच्या कामगारांचा धोका वेगळा होता. थंड करणाऱ्या खोल्यांतली काजळी खरवडताना पाऱ्याची वाफ छातीत जाई. मग तोंडाला लाळ सुटे, हिरड्या सुजत, हात थरथरत. जेम्स रँडॉल हा १८७० ते १८९२ या काळातला व्यवस्थापक शिस्तीचा आणि हिशेबी. त्याने कामगारांच्या पगारातून दरमहा एक डॉलर कापून डॉक्टर आणि औषधपाण्याचा निधी उभारला. त्याच्या काळात वस्तीवर शाळा होती, दुकान कंपनीचे होते, घरे कंपनीची होती. कल्याण आणि हुकूम तिथे एकाच हाताने वाटले जात. साखर कारखान्याची वसाहत पाहिलेल्या वाचकाला हा कारभार कळायला वेळ लागणार नाही.

या वस्त्यांचे उत्तम चित्र एका स्त्रीने काढले आहे. मेरी हॅलक फूट ही चित्रकार-लेखिका १८७६ मध्ये लग्न होऊन इथे आली. तिचा नवरा खाणीवर अभियंता होता. तिने कॉर्निश आणि मेक्सिकन घरांची रेखाटने केली, त्यांच्याविषयी लिहिले, आणि १८७८ मध्ये ‘स्क्रिब्नर्स मंथली’ या मासिकात ते प्रसिद्ध झाले. अहवालांत खनिजाचे टन आणि बाटल्यांची संख्या असते. तिच्या लेखनात पाणी कुठून आणतात आणि अंगणात कोण बसते हे असते. पुस्तकातल्या वस्तीच्या प्रकरणात तिच्या नजरेची मोठी मदत झाली आहे.

खनिज विरळ झाले, सोने काढण्याच्या रीती बदलल्या, सायनाइड आले, पाऱ्याचा भाव घसरला. १९१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. नंतर भाडेकरूंनी जुने ढिगारे पुन्हा भाजले. युद्धांच्या काळात भाव चढला की काम सुरू होई, उतरला की थांबे. १९४० च्या सुमाराची एक फिरती भट्टी आजही डोंगरावर उभी आहे. १९७० च्या दशकात सांता क्लारा काउंटीने जमीन घेतली आणि खाणीचे उद्यान झाले. पायथ्याचे ‘कासा ग्रांदे’ हे व्यवस्थापकाचे जुने घर आता खाणीचे संग्रहालय आहे.

उद्यानाभोवतीच्या तलावांकाठी पाट्या आहेत: इथले मासे खाऊ नका. भट्टीतून निघालेली भाजकी खडी कामगार ओढ्याकाठीच टाकत. तीत थोडा पारा उरलेला असे. पावसात ती वाहून गेली, नदीत आली, उपसागरात पोहोचली. गाळातले जिवाणू या पाऱ्याचे मिथाइल पारद करतात. ते शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत जात साचत जाते आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ मध्ये उघडकीला आलेला आजार याच द्रव्याचा. तिथे ते खाणीतून नव्हे, कारखान्याच्या सांडपाण्यातून आले. सोन्याच्या बाजूचा हिशेबही लहान नाही. कॅलिफोर्नियात, मुख्यतः सिएरा नेवाडाच्या नद्यांत, सोने धुताना सुमारे एक कोटी पौंड पारा निसटला, असा अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाचा अंदाज आहे. त्यातला बराच कॅलिफोर्नियाच्याच खाणींचा. उपसागरातला पारा कमी करण्याची सरकारी योजना २००८ मध्ये मंजूर झाली आणि तिचे काम पिढ्यांचे आहे.

जगाने यातून काही शिकले आहे. स्पेनचे अल्मादेन दोन हजार वर्षे चालून या शतकाच्या आरंभी बंद झाले. २०१२ मध्ये त्याला आणि इद्रियाला मिळून युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला. त्यानुसार नवी पारदखाण उघडता येत नाही आणि चालू खाणी पंधरा वर्षांत बंद करायच्या आहेत. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. म्हणजे आपल्याकडे खाण नसली तरी जबाबदारी आहे. तमिळनाडूतल्या कोडाईकनालला तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथल्या मातीतल्या पाऱ्याचा आणि कामगारांच्या प्रकृतीचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. खाण दुसऱ्या खंडात असली तरी सुटलेला पारा असा आपल्या डोंगरावरही येऊन पोहोचतो.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिल्या भागात खडक, दुसऱ्यात भट्टी आणि बाजार, तिसऱ्यात कोर्ट, चौथ्यात माणसे आणि पाचव्यात नदी आहे. घाईच्या वाचकाने तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तर गोष्ट रंजक वाटेल, पण अपुरी वाटेल. लोक कशासाठी भांडत होते ते पहिल्या भागाशिवाय कळत नाही, आणि जिंकणाऱ्याने काय मिळवले ते पाचव्या भागाशिवाय कळत नाही. स्पॅनिश नावे शक्यतो तिकडच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. वजने जिथे मूळ हिशेब पौंडांत आणि बाटल्यांत आहे तिथे तशीच ठेवली आहेत, कारण त्या काळचे करार, मजुरी आणि भाव त्याच मापांत बोलतात.

एक आग्रह मात्र धरला आहे. खाणीचे इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यावर थांबतात: इतके टन, इतके डॉलर, अमुक साली बंद. न्यू अल्मादेनच्या बाबतीत तो आकडा जमेच्या बाजूचा आहे, आणि वहीची दुसरी बाजू अजून भरतेच आहे. मालक गेले, कंपनी बुडाली, कामगारांची नातवंडे दुसऱ्या धंद्यांत गेली. खर्च आता त्या खोऱ्यात कर भरणाऱ्यांकडे आहे, आणि त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. कोकण-गोव्यातल्या लोहखनिजाच्या, कोल्हापूरच्या बॉक्साइटच्या किंवा विदर्भातल्या कोळशाच्या खाणींविषयी आपल्याकडे जेव्हा चर्चा होते, तेव्हा खाण किती वर्षे चालेल हे विचारले जाते. ती बंद झाल्यावर किती वर्षे सांभाळावी लागेल आणि ते पैसे आजच कोणी बाजूला ठेवायचे, हेही परवानगीच्या कागदावर लिहिलेले असावे. न्यू अल्मादेनला ते कोणी लिहिले नव्हते. पुढची प्रकरणे त्या न लिहिलेल्या कलमाची किंमत सांगतात.

शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा